कधी चालू होतो, कधी होत नाही: लहरी डेस्कटॉपचा बिघाड पकडायचा कसा

सकाळी कॅबिनेटवरचं बटण दाबलं. निळा दिवा लागला, आतला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. दिवाही गेला. पुन्हा दाबलं, तेच. तिसऱ्यांदा दाबलं आणि काही घडलंच नाही अशा थाटात कॉम्प्युटर चालू झाला, तो रात्रीपर्यंत एकदाही अडखळला नाही. माझ्या जुन्या डेस्कटॉपने हा खेळ जवळजवळ तीन आठवडे चालवला. त्या तीन आठवड्यांत मी चांगली धडधाकट रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं आणि एकदा तर 'झाला बुवा दुरुस्त' असं घरात जाहीरही करून टाकलं.

पूर्ण बंद पडलेला कॉम्प्युटर त्यापेक्षा परवडतो. बिघाड जागेवर बसलेला असतो, केव्हाही जाऊन तपासा. एकेक भाग बदलत गेलं की कधीतरी तो चालू होतो आणि गुन्हेगार सापडतो. लहरी कॉम्प्युटर मात्र दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर ठेवला की शहाण्या मुलासारखा वागतो. तिथे दहा वेळा चालू होतो, घरी आणला की पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून अशा वेळी 'कुठला भाग गेलाय?' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. 'हा नेमका कधी रुसतो, आणि कुठल्या पायरीवर?' हे आधी विचारावं. त्यासाठी बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत आत काय काय घडतं, हे एकदा नीट पाहून घेऊ.

बटण दाबल्यावर

कॅबिनेटवरचं बटण दिव्याच्या बटणासारखं नसतं. ते वीज जोडतही नाही आणि तोडतही नाही. त्याच्या मागून दोन बारीक वायरी निघतात आणि मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या दोन पिनांवर बसतात. बटण दाबलं की त्या पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात, एवढंच. मदरबोर्डच्या लेखी ही एक खूण असते: उठायची वेळ झाली.

आता, खूण कळायची तर कोणीतरी जागं असायला हवं. कॉम्प्युटर बंद असला तरी मागचा प्लग लावलेला असेपर्यंत एसएमपीएस (भिंतीतल्या विजेतून आतल्या भागांना लागणारी वीज तयार करणारा डबा) मदरबोर्डला ५ व्होल्टची एक छोटी लाइन सतत पुरवत असतो. तिला स्टँडबाय म्हणतात, आणि २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये ती जांभळ्या वायरने येते. खूण मिळाली की मदरबोर्ड हिरवी वायर ग्राउंडला जोडतो. एसएमपीएससाठी तो 'चालू हो' असा हुकूम. मग एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइन उभ्या करतो, त्या स्थिर झाल्या की करड्या वायरीवरून 'वीज ठीक आहे' असा निरोप पाठवतो. हा निरोप साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत यायचा असतो. तो येईपर्यंत प्रोसेसरला रीसेटमध्ये दाबून धरलेलं असतं. निरोप आलाच नाही, किंवा येऊन परत गेला, तर प्रोसेसर एकही सूचना वाचत नाही.

ही सगळी मांडणी एटीएक्स नावाच्या प्रमाणाची. इंटेलने ते १९९५ मध्ये आणलं आणि आजचे बहुतेक डेस्कटॉप अजूनही त्याच वाटेने उठतात. (नव्या एसएमपीएसमध्ये बऱ्याचदा सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथे रंगावर न जाता पिनांच्या जागा पाहाव्या लागतात.)

प्रोसेसर सुटला की तो मदरबोर्डवरच्या चिपमधून बायोस, म्हणजे सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, वाचतो. बायोस पहिल्यांदा घराची झडती घेतो: रॅम आहे का, ती कुठल्या वेगाला स्थिर चालते, चित्र दाखवायला कोण आहे, कीबोर्ड कुठे आहे. या झडतीला पोस्ट म्हणतात. ती पार पडली की बायोस डिस्क शोधतो, डिस्कवरचा बूट लोडर, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, उचलतो आणि सूत्रं विंडोजच्या किंवा लिनक्सच्या हाती देतो.

एवढं लक्षात आलं की बिघाडाची निम्मी चौकशी खुर्चीत बसल्या बसल्या होते. बटण दाबल्यावर काहीच झालं नाही, किंवा पंखा हलून थांबला, तर मामला विजेचा, बटणाचा किंवा शॉर्टचा. पंखे नीट फिरतायत पण डिस्प्ले येत नाही, तर पोस्ट अडलंय, म्हणजे रॅम, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर किंवा बायोसची सेटिंग. कंपनीचा लोगो आला आणि पुढे गाडी सरकेना, तर डिस्क, तिची केबल किंवा एखादं यूएसबी उपकरण. आणि विंडोजचं चक्र फिरायला लागल्यावर अडकलं, तर बहुधा सॉफ्टवेअर किंवा डिस्क.

आता माझा पराक्रम पाहा. माझा पंखा अर्धा फेरा फिरून थांबत होता. प्रोसेसरने एक अक्षरही वाचलेलं नव्हतं, विंडोजचा तर तिथे संबंधच पोचत नव्हता. आणि मी रात्र जागून विंडोज नव्याने टाकत बसलो होतो.

वही

स्क्रूड्रायव्हर उचलायच्या आधी एक वही घ्या. फोनमधली नोंदही चालेल, पण रोज लिहा. प्रत्येक वेळी चालू करताना चार गोष्टी टिपायच्या: कॉम्प्युटर किती तास बंद होता, रात्रभर प्लग काढलेला होता की नुसता शटडाउन केला होता, कुठल्या पायरीवर अडला, आणि कितव्या प्रयत्नाला उठला. शिवाय त्या दिवशी काही वेगळं जोडलं असेल, पेन ड्राइव्ह, प्रिंटर, नवी एक्सटेन्शन, तर तेही.

आठवडाभरात या वहीतून आकार दिसायला लागतो. फक्त रात्रभराच्या विश्रांतीनंतर रुसतो आणि एकदा उठला की दिवसभर कितीही वेळा रीस्टार्ट करा, बिनतक्रार उठतो, असं असेल तर संशय एसएमपीएसवर किंवा मदरबोर्डच्या पॉवर भागावर जातो. उलट, थंड असताना मुकाट चालू होतो आणि तासभर वापरल्यावर बंद पडून पुन्हा उठायला नकार देतो, तर तापमान पाहा: प्रोसेसरवरचा कूलर सैल झालाय, त्या दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलीय किंवा पंखा धुळीने जाम झालाय. शटडाउन करून चालू केलं की अडतो पण रीस्टार्ट केलं की कधीच नाही, ही जोडी विंडोजच्या एका सोयीकडे बोट दाखवते, तिच्याकडे पुढे येतो. टेबलाला धक्का लागला की चालू होतो, तर लूज कॉन्टॅक्ट. आणि काहीच आकार दिसला नाही तर? तेव्हा मी आधी रॅम पाहतो.

आधी बाहेरचं

हे लिहायलाही संकोच वाटतो, पण कॅबिनेट उघडण्याआधी एक्सटेन्शन बोर्ड काढा आणि प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. एसएमपीएसच्या मागचा छोटा काळा स्विच आणि त्यात घुसणारी जाड केबल हलवून पाहा. यूपीएस असेल तर दोनतीन दिवस तो वगळून चालवा. म्हातारी बॅटरी असलेला यूपीएस सुरुवातीच्या झटक्याला मान टाकतो.

'डिस्प्ले येत नाही' या तक्रारीत तर कित्येकदा कॉम्प्युटर चालूच असतो. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागतो-विझतो आहे, म्हणजे आत जीव आहे, आणि अडचण मॉनिटरची, त्याच्या केबलची किंवा चुकीच्या इनपुटची असू शकते. ग्राफिक्स कार्ड वेगळं बसवलं असेल तर केबल त्या कार्डाला लागलीय की चुकून मदरबोर्डच्या पोर्टला, हेही पाहून घ्या.

आणखी एक फुकटचा उपाय. प्लग काढा, मग पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज निघून जाते, आणि अर्धवट अडकलेली एखादी चिप पुन्हा कोऱ्या पाटीने सुरुवात करते. याने कॉम्प्युटर चालू झाला तर आनंद माना, पण वहीत लिहा. बिघाड बरा झालेला नसतो, फक्त त्याची झोपमोड झालेली असते.

वीज: सगळ्यात जास्त फसवणारा भाग

थंड असताना न उठणारा आणि एकदा तापला की गुणी होणारा कॉम्प्युटर, हे दुखणं इतकं ठरावीक आहे की त्याच्या मुळाशी जाणं बरं.

एसएमपीएसमध्ये आणि मदरबोर्डवर छोट्या डब्यांसारखे दिसणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. वीज एकसारखी, लाटा न उठता पोचावी म्हणून ते पाण्याच्या टाकीसारखे काम करतात: पुरवठा वाढला की साठवायचं, मागणी वाढली की द्यायचं. त्यांच्या आत एक द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो हळूहळू उडून जातो, आणि मग दोन गोष्टी होतात. टाकी लहान होते आणि तिची तोटी अरुंद होते, म्हणजे आतला रोध वाढतो. त्यात हा रोध थंडीत आणखी वाढतो. चालू होण्याच्या क्षणी पंखे, डिस्क, प्रोसेसर सगळे एकदम वीज मागतात आणि म्हातारा कपॅसिटर ती पुरवू शकत नाही. व्होल्टेज क्षणभर खाली जातं, एसएमपीएस किंवा मदरबोर्ड घाबरून सगळं बंद करतो. दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात तोच कपॅसिटर थोडा गरम होतो, रोध उतरतो आणि गाडी सुटते. एकदा सुटली की तो गरमच राहतो, म्हणून दिवसभर तक्रार नाही.

साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रव भरलेले कपॅसिटर मोठ्या प्रमाणात बाजारात आले आणि अनेक कंपन्यांचे मदरबोर्ड अकाली गेले. त्या पिढीच्या बोर्डांवर वरचं झाकण फुगलेले, फुटलेले, बुडाशी तपकिरी ओघळ असलेले कपॅसिटर नुसत्या डोळ्यांना दिसत. आजच्या बोर्डांवर बहुतेक ठिकाणी घन प्रकारचे कपॅसिटर असतात, त्यामुळे मदरबोर्ड सुधारले. एसएमपीएसच्या पोटात मात्र द्रव भरलेले अजूनही भरपूर असतात.

इथे हात आवरा. एसएमपीएसचा डबा उघडू नका. त्याच्या आतला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. तो उघडायचा असेल तर त्याच विषयात काम करणाऱ्याने.

न उघडता काय तपासता येईल? मल्टिमीटर असेल तर चालू कॉम्प्युटरच्या रिकाम्या चारपिनी कनेक्टरवर मोजा: पिवळ्या आणि काळ्यामध्ये १२, लाल आणि काळ्यामध्ये ५. पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६, आणि ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५. याच्या बाहेर गेलं तर निकाल लागला. पण आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. मल्टिमीटर सेकंदात दोनतीन वेळा वाचतो, आणि आपला चोर काही मिलिसेकंदांत काम उरकून जातो.

तीच गोष्ट पेपरक्लिपच्या प्रसिद्ध चाचणीची. प्लग काढून, मदरबोर्डवरचा मोठा कनेक्टर उपसून हिरवी आणि काळी पिन तारेने जोडायची, मग प्लग लावायचा आणि पंखा फिरतो का बघायचं. फिरला तर एवढंच कळतं की एसएमपीएस अगदी मेलेला नाही. ओझं नसताना कोणीही उभं राहतं. शिवाय काही नव्या एसएमपीएसचा पंखा कमी भाराला फिरतच नाही, त्यामुळे चांगल्याला मृत ठरवायचा धोका वेगळाच.

खात्रीची चाचणी एकच: पुरेशा वॅटचा, चांगला म्हणून माहीत असलेला दुसरा एसएमपीएस लावून बघणं. तो लावताना मोठ्या २४ पिनांच्या कनेक्टरबरोबर प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा कनेक्टरही आठवणीने लावा. तो राहून गेला तर नेमकं पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही, आणि आपण नवा बिघाड शोधायला लागतो. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, एसएमपीएस असेल तर जुन्या केबल नव्याला लावू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. कनेक्टर बसतो, पण १२ व्होल्ट भलत्याच वायरीतून जाऊन डिस्क जळू शकते.

रॅम आणि सैल पडलेली माणसं

पंखे फिरतायत आणि डिस्प्ले कधी येतो कधी येत नाही, यात रॅमचा नंबर वरचा. कॉम्प्युटर रोज तापतो आणि गार होतो, धातू रोज थोडा पसरतो आणि आकसतो. वर्षांनंतर संपर्काच्या जागी धूळ आणि काट बसलेला असतो. प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, रॅमच्या पट्ट्या काढा आणि दोन्ही टोकांना खटका वाजेपर्यंत दाबून परत बसवा. सोनेरी दातांवर खोडरबर घासायची पद्धत सगळीकडे आहे. तिने काम होतं हे खरं, पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणं बरं.

नुसतं बसवून भागलं नाही तर एकच पट्टी ठेवून चार दिवस चालवा, मग दुसरी. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये दगा देतात तर पट्टी चांगली आणि स्लॉट वाईट. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल तर ते बंद करा. ही नावं चांगली भारदस्त आहेत, पण अर्थ इतकाच की रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा जोरात पळवली जातेय. रोज पळणारा माणूस एखाद्या सकाळी धापा टाकतो, तसं इथे एखाद्या सकाळी पोस्ट अडतं.

डीडीआर५ रॅमवाल्यांसाठी एक सूचना. नवी रॅम बसवल्यावर किंवा बायोस रीसेट केल्यावर पहिल्यांदा मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत बसतो आणि काळा पडदा कित्येक मिनिटं राहू शकतो. लोक घाबरून बटण दाबून बंद करतात, जुळवाजुळव पहिल्यापासून सुरू होते, आणि 'नव्या रॅमवर चालतच नाही' अशी बातमी पसरते. अशा वेळी चहा घ्या आणि थांबा.

नव्या मदरबोर्डांवर बऱ्याचदा चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. अडल्यावर यातला कुठला लागून राहिला, ते वहीत लिहा. तेवढ्या एका ओळीने आठवडा वाचतो. दिव्यांऐवजी बीप असतील तर त्यांचा अर्थ बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतो, तो बोर्डाच्या पुस्तिकेतच पाहावा.

रॅमची चाचणी करायची तर मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवून रात्रभर सोडून द्या. एकही चूक दिसली तर ती जास्तच समजायची. रॅममध्ये 'थोडीशी खराब' असा प्रकार नसतो.

किरकोळ वाटणारे गुन्हेगार

मदरबोर्डवर रुपयासारखा गोल चपटा सेल असतो, सीआर२०३२. नावातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. तो ३ व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यावर घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की तारीख मागे जाते, काही बोर्डांवर बायोसची सेटिंगही पुसली जातात, आणि मग कॉम्प्युटर भलत्याच डिस्कवरून बूट व्हायला बघतो. लक्षण सोपं आहे: रात्री प्लग काढून ठेवला की सकाळी अडतो आणि घड्याळही चुकतं. सेल पाचसहा वर्षांचा झाला असेल तर चौकशी न करता बदलून टाकावा.

मग ते बटणच. एका ओळखीच्यांचा कॉम्प्युटर चालू व्हायचा आणि बरोबर चार-पाच सेकंदांत बंद व्हायचा. एसएमपीएस बदलून झाला, मदरबोर्डही बदलायचं ठरत होतं. चार सेकंद हा आकडा ओळखीचा वाटला, कारण बटण तेवढा वेळ दाबून धरलं की कॉम्प्युटर जबरदस्तीने बंद होतो. बटणाचं प्लॅस्टिक कडेला घासत होतं आणि दाबल्यावर परत वर येत नव्हतं, म्हणजे कॉम्प्युटरच्या समजुतीप्रमाणे कोणीतरी ते दाबूनच उभं होतं. बटणाची वायर मदरबोर्डवरून काढली आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर टेकवलं. चालू झाला आणि चालू राहिला. त्या दोन पिना नेमक्या कुठल्या, हे पुस्तिकेत पाहूनच टेकवा. शेजारच्या पिना कशाच्या असतील सांगता येत नाही.

यूएसबीही कमी नाही. पोर्टमधली पत्ती वाकून शॉर्ट झाली किंवा विसरलेला पेन ड्राइव्ह राहिला, तर बायोस लोगोवरच अडतो. कीबोर्ड, माउस सोडून सगळं काढून पाहा. एवढ्यानेही सुटलं नाही तर आत जा: एक रॅम, प्रोसेसर, कूलर, आणि मदरबोर्डचं स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्डही बाहेर. शेवटचा उपाय म्हणून मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवायचा. तिथे नीट चालला आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर बोर्डाखाली एखादा सुटलेला स्क्रू किंवा चुकीच्या जागी लावलेला पितळी पाय शॉर्ट करतोय.

विंडोजपर्यंत पोचला आणि अडला तर

आधी फाइल्सची प्रत काढा, मग तपास. डिस्क आजारी असेल तर प्रत्येक चाचणी तिच्या उरल्यासुरल्या आयुष्यातून वजा होते.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. शटडाउन म्हटलं तरी विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. म्हणजे कालचा बिघडलेला ड्रायव्हर आज पुन्हा तसाच उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. मघाशी सांगितलेली 'शटडाउननंतर अडतो, रीस्टार्टला नाही' ही जोडी इथे जुळते. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ही सोय बंद करून आठवडाभर बघा.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नेल-पॉवर ४१' अशी लाल नोंद सापडली की लोकांना आरोपी मिळाल्यासारखं वाटतं. ती नोंद फक्त म्हणते की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद न होता गेला. बंद होण्याचं कारण ती सांगत नाही. प्लग उपटला तरी हीच नोंद पडते.

डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, जास्त कामाची. पाच क्रमांकाचा आकडा खराब जागा बदलून दिल्याचा, १९७ क्रमांकाचा संशयित जागांचा. हे वाढत असतील तर डिस्क निघाली म्हणायची. १९९ क्रमांकाचा वाढत असेल तर डिस्क नव्हे, तिची साटा केबल बदला, ती फार स्वस्त सुटका असते.

चालू झाला, म्हणजे नक्की काय झालं

आता माझ्या रॅमची गोष्ट. रविवारी दुपारी मी नवी रॅम बसवली, तीन वेळा चालू-बंद केलं, तिन्ही वेळा सुरळीत उठला आणि मी विजय जाहीर केला. सोमवारी सकाळी पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला.

माझ्या दोन चुका होत्या. पहिली वहीने दाखवली: हा कॉम्प्युटर फक्त रात्रभराच्या विश्रांतीनंतर रुसत होता, दुपारी गरम असताना तो जुन्या रॅमवरही तीस वेळा उठला असता. म्हणजे मी केलेली ती चाचणीच नव्हती. दुसरी चूक साध्या गुणाकाराची. समजा एखादा कॉम्प्युटर चारांतून एकदा अडतो. आपण काहीच दुरुस्त केलं नाही तरी लागोपाठ तीन वेळा उठायची शक्यता पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे जवळपास ४२ टक्के. काहीच न करता निम्म्याच्या जवळ वेळा विजय जाहीर करता येतो! दहा वेळा लागोपाठ उठला तर ती शक्यता सहा टक्क्यांच्या खाली येते, तेव्हा कुठे दुरुस्तीवर विश्वास ठेवायला जागा होते. आणि दहांतून एकदाच अडत असेल तर तेवढ्याच विश्वासासाठी लागोपाठ २८-२९ वेळा उठावा लागतो. बिघाड जितका क्वचित, तितकी वाट लांब.

यातूनच 'एका वेळी एकच गोष्ट बदला' हा नियम येतो. रॅम, सेल आणि केबल एकाच दुपारी बदलली आणि कॉम्प्युटर सुधारला, तर नेमकं काय खराब होतं हे कळत नाही, आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा रुसला की चौकशी शून्यापासून.

दुरुस्तीवाल्याकडे न्यायची वेळ आली तर वहीही न्या. 'कधीकधी चालू होत नाही' म्हणण्याऐवजी 'रात्रभर प्लग काढून ठेवला की दहांतून सात वेळा पंखा हलून थांबतो, गरम असताना कधीच नाही' असं सांगा, आणि कॅबिनेट आदल्या संध्याकाळी सोडा, म्हणजे त्यालाही तो थंड सापडेल.

माझ्या बाबतीत उसना आणलेला एसएमपीएस लावला आणि चौदा सकाळी ओळीने टिक लागली. मग स्वतःचा नवा घेतला. जुना अजून माळ्यावर आहे, आणि त्याच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'गरम असताना चालतो, फसू नका.' हे लिहिणं भाग होतं. असा भाग दोन वर्षांनी कोणीतरी काढतो, दुपारी लावून बघतो, चालला म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये बसवतो, आणि त्या घरातली सकाळ अर्ध्या फेऱ्याने सुरू होते.